बाबांच्या गाडीतला आवाज

माझ्याआधी आमच्या घरात कुणी कॉलेजात गेलं नाही. लिहिण्याचा सराव नसताना गाडीतल्या ॲम्प्लिफायरवर लिहायला बसणं हे जरा जास्तच होतंय, माफ करा. पण खामगावच्या या खोलीत ऐकायला कुणी नसतं.

बाबा वरवट बकाल ते संग्रामपूर सवारीची जीप चालवतात. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी सीटखाली एक जुना ॲम्प्लिफायर बसवला आणि आवाज जुळवायला मला सांगितलं. टेपचा आवाज पाऊणपर्यंत वाढवायचा, मग ॲम्प्लिफायरवरचा गेनचा, म्हणजे आवाजाचा जोर वाढवणारा, स्क्रू हळूहळू फिरवायचा. आवाज फाटायला लागला की थोडं मागे यायचं.

मी मागे आलो.

"अजून वाढव ना बे."

"बाबा, फाटून राह्यला."

"कुठी फाटून राह्यला? कॉलेजात भ्यायलेच शिकवते काय?"

वाढवला. पहिल्याच फेरीत मागच्या सीटवरच्या एका मावशींनी कानावर पदर दाबला. "कान फुटतीन ना भाऊ!"

"मावशी, फुकटात वरात काढून राह्यलो तुमची," बाबा म्हणाले. सगळी गाडी हसली.

मग गाण्यात नुसती बासरी आली. बाबांनी टेपवर थाप मारली. "बंद पडला का बे?"

बासरी चालूच होती. मागून एक ट्रक कधीचा हॉर्न देत होता, तोही त्यांना कळला नव्हता.

घरी आल्यावर मी कसंबसं म्हटलं, "बाबा, एकदा कान दाखवून घ्या."

"मले बहिरा म्हनतं का?"

दुसऱ्या दिवशी स्टँडवर त्यांनी माझी बॅग उतरवून दिली आणि लगेच जीप वळवली.

दर रविवारी येणारा त्यांचा फोन बंद झाला. आईला विचारलं की ती म्हणायची, "गाडीवर गेले." एवढं ऐकलं तरी मला तो ट्रकच आठवायचा. शेजारच्या खोलीतला मुलगा वडिलांशी मेसच्या भाजीवरून तासभर भांडायचा. मी भिंतीअलीकडून ते ऐकत बसायचो. फोन वाजला की उचलायची भीती वाटायची.

काल आईचा फोन आला.

"तुया बाबानं कानाले मशीन बसवली. आज गाडी चालू केली अन् दचकलेच! म्हने, एवढा आवाज कोनं करून ठेवला? पोराले सांग, रविवारी येऊन कमी करून जाय."