रेघ न मारलेली कार्डं

उशिरा लिहितोय, माफ करा. गुरुवारी झालेलं आज सांगतोय... एका बोटाने टाइप करतो, आणि चार वेळा लिहून पुसलं.

इथे कतारमध्ये, अल वक्राला मुलाकडे असतो. तो स्टेडियमच्या साइटवर, वर्ल्ड कप जवळ आल्यापासून जेवायलाच काय तो दिसतो. साइटवर काही झालं तर नाही ना, ही धास्ती मला दिवसभर.

नात सईला शाळेत पहिल्या कॉम्प्युटरांवर बोलायचं होतं. मी सातवी पास, पण मुंबईत एका ऑफिसच्या कॉम्प्युटर खोलीत हमाल होतो. खोलीभर मशीन, आत दिव्यांसारखे व्हॉल्व्ह, ते सारखे जायचे... मशीनला सूचना द्यायच्या त्या भोकं पाडलेल्या कार्डांवर. एक कार्ड इकडचं तिकडे झालं की सगळं काम चुकायचं.

म्हणून गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलने तिरकी रेघ मारायची. गठ्ठा पडला तरी रेघ जुळवत गेलं की कार्डं पुन्हा क्रमाने लागतात. सईने तिची फुटबॉलपटूंची कार्डं आणली, रेघ मारली, मुद्दाम पाडली आणि पाच मिनिटांत लावली.

ती खूश झाली... मी तिला जवळ बसवलं.

त्या खोलीत माझ्याबरोबर दत्ताराम होता, चिपळूणकडचा, दोन लहान मुलींचा बाप. एका दुपारी कार्डांचा ट्रे उचलण्याआधी त्याने विचारलं, "रेघ मारलीस ना रे?" मी मान डोलावली. मारली नव्हती... जेवायला जायची घाई होती.

जिन्यात त्याचा पाय घसरला. हजारभर कार्डं पायऱ्यांवर पसरली. साहेबांनी विचारलं, रेघ कुठे आहे? दत्ताराम माझ्याकडे बघत राहिला, मी जमिनीकडे. शेवटी तोच म्हणाला, "राहिली, साहेब."

त्याच आठवड्यात त्याला काढलं. मी त्याच ऑफिसातून रिटायर झालो.

हे आयुष्यात पहिल्यांदा बोललो, ते सईजवळ. ती म्हणाली, "आजोबा, व्हेअर इज ही नाऊ?" मी कधी शोधलंच नाही.

आता तो असेल की नाही, कोण जाणे. पण त्या मुली असतील, साठीच्या आसपास... रेघ त्यांच्या वडिलांची राहिली नव्हती, माझी राहिली होती, एवढं त्यांना कळायला हवं.

चिपळूणकडच्या कुणाला काही माहीत असेल तर लवकर कळवा. उद्यावर टाकू नका... मी साठ वर्षं तेच केलं.