तेराशेचे चौतीसशे

गावात त्याला डोकीमास्तर म्हणत. मास्तरकी करण्याइतकी अक्कल त्याच्यात कुणाला दिसली होती अशातला भाग नाही. तो किनाऱ्यावर जीवरक्षक होता आणि दिवसभर माणसांची डोकी मोजायचा, म्हणून डोकीमास्तर. लग्नकार्यात गेला तरी जेवणाऱ्यांची पंगत बघून पटकन आकडा सांगायचा, आणि यजमानाच्या पोटात गोळा आणायचा.

मोजण्याची त्याची रीत ठरलेली होती. किनाऱ्याच्या रस्त्यावर दिव्यांचे अकरा खांब. मनोऱ्यावर उभं राहायचं, दोन खांबांमधली वाळू मनात कापून घ्यायची, तिच्यावरची माणसं मोजायची आणि दहाने गुणायचं. कुठे दाट, कुठे विरळ, त्याचा अंदाज अंगवळणी पडलेला. हे झालं वाळूवरचं. पाण्यातली डोकी मात्र एकेक करून, बोटाने हवेत टिपत मोजायची. आत किती गेली, बाहेर किती आली. त्यात एकाचाही फरक पडला, तर शिट्टी तोंडात आणि पाय वाळूत. सव्वीस वर्षांत पाण्यातला आकडा त्याने एकदाही चुकीचा लिहिला नव्हता. वाळूवरचा आकडा मात्र तो गेली सात वर्षं खोटा लिहीत होता.

त्याचं कारण त्याचा थोरला भाऊ. तोही जीवरक्षकच. तेव्हा एवढ्या किनाऱ्यावर माणसं दोनच, हा आणि तो. नऊ वर्षांपूर्वी एका रविवारी ओहोटीच्या ओढीत एक कुटुंब सापडलं. भावाने आईला काढलं, मुलीला काढलं, बापाला आणायला तिसऱ्यांदा आत गेला. हा तेव्हा दुसऱ्या टोकाला, ऊन लागून पडलेल्या एका म्हाताऱ्याच्या छातीवर कान ठेवून बसला होता. धावत आला तोवर दोघंही दिसेनासे झाले होते. मग पालिकेला जाग आली आणि तिसरा जीवरक्षक मंजूर झाला, पण त्यालाही पाचर मारलेली होतीच. रविवारची गर्दी तीन हजारांच्या वर असेल तोपर्यंत तिसरा माणूस, नाहीतर जागा रद्द.

दोन वर्षं गर्दी होती. मग पलीकडच्या किनाऱ्याला गुळगुळीत रस्ता झाला आणि लोक तिकडे वळले. पहिल्यांदा एकोणतीसशे भरले तेव्हा त्याने एकतीसशे लिहिले. त्यात काय मोठंसं, असं वाटलं. पुढे तेराशेचे चौतीसशे करतानाही हात अडखळेनासा झाला. तिसरा, म्हणजे त्या जागेवर लागलेला माणूस, चाळिशीचा, दोन लेकरांचा बाप. तो नोंदवहीत डोकावायचा आणि काही न बोलता दुर्बीण पुसायला लागायचा. ती वही वाचणार तरी कोण? महिन्याअखेरी पालिकेतला कारकून येई, शिक्का मारी आणि निघून जाई. अक्षर लावून वाचायचा कंटाळा त्याच्या तोंडावर दिसायचा.

भाऊ गेल्यावर वहिनीने किनाऱ्याच्या तोंडाशी टपरी टाकली. चहा, थंड पेयं आणि भाड्याने द्यायला घडीच्या दोनशे खुर्च्या. पण लोक तिला ओळखायचे ते वेगळ्याच गोष्टीसाठी. पाण्यात जाणारा माणूस आपली घड्याळं, किल्ल्या, चष्मे, पाकिटं तिच्या हवाली करून जायचा. बिल्ला नाही, चिठ्ठी नाही. एका आजोबांनी तर दातांची कवळी ठेवली होती, आणि वहिनीने ती स्वच्छ पेल्यात झाकून ठेवली. कुणाचं काय, हे तिच्या डोक्यात पक्कं. इतक्या वर्षांत कुणाची साधी टाचणीही इकडची तिकडे झाली नाही. बाहेरगावचे लोकसुद्धा म्हणायचे, त्या बाईंकडे ठेवा आणि निवांत जा.

मग साथ आली, आणि गावाचे दोन तट पडले. टेकडीवरच्या घरांतले लोक म्हणत, किनारा ताबडतोब बंद करा, सुट्टीला येणारे हे लोक आजार घेऊन येतात. खालचे, खुर्च्यावाले, होडीवाले, टपरीवाले म्हणत, मोकळ्या हवेत कसला आलाय आजार, निदान सकाळचे चार तास तरी ठेवा. वर्षानुवर्षं एकमेकांच्या घरी जेवलेली माणसं रस्त्यात तोंड फिरवून जाऊ लागली. शेवटी पालिकेच्या अध्यक्षबाईंनी संध्याकाळी शाळेच्या मैदानात सभा बोलावली. खुर्च्या लांब लांब मांडल्या होत्या, म्हणून जो तो ओरडूनच बोलत होता, आणि ओरडून बोललं की साधी गोष्टही भांडणासारखी वाटते.

वहिनी उठली. ती सभेत बोलणारी बाई नव्हे. ती म्हणाली, गर्दी गर्दी म्हणताय, पण गेल्या रविवारी बाराशे-तेराशेच्या वर माणूस नव्हतं. माझ्या दोनशे खुर्च्यांतल्या सत्तर गेल्या. लोक आपणहून लांब लांब बसले होते, मी डोळ्यांनी पाहिलंय. सकाळचं तरी उघडं ठेवा.

अध्यक्षबाईंनी समोरची वही उघडली. डोकीमास्तरने ती लांबूनच ओळखली. निळा पुठ्ठा, कोपरा पाण्याने फुगलेला.

"रविवार, दुपारी चार," बाईंनी वाचलं. "चौतीसशे."

मैदानात कुजबुज झाली, मग हसू फुटलं. टेकडीवरचा औषधवाला उभा राहून म्हणाला, खुर्च्या खपाव्यात म्हणून ही बाई दोन हजार माणसं गिळून बसली, गावाच्या जिवाशी खेळताना लाज कशी वाटत नाही. कुणी ओरडलं, खोटारडी. वहिनी बसली नाही. ती वहीकडे बघत उभी राहिली.

"मास्तर," अध्यक्षबाई म्हणाल्या, "नोंद तुमच्या हातची. बरोबर आहे ना?"

पुढे त्याने स्वतःला पुष्कळ समजावलं. खरं सांगितलं असतं तर तिसऱ्याची जागा गेली असती. पुन्हा दोनच माणसं उरली असती आणि पुन्हा कुणीतरी एकटं आत गेलं असतं. शिवाय किनारा बंद होणंच गावाच्या भल्याचं असेल. ही सगळी कारणं चांगली होती, पण ती सगळी नंतर सुचलेली. त्या क्षणी यातलं एकही त्याच्या मनात नव्हतं. चारशे माणसं आपल्याकडे बघतायत एवढंच त्याला कळलं, आणि तो घाबरला.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

वहिनी खाली बसली. तिच्याकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी किनारा बंद झाला. पिवळ्या पट्ट्या बांधल्या गेल्या आणि तिघं जीवरक्षक चुकार माणसांना हुसकावत रिकाम्या वाळूवर फिरू लागले. दोन महिन्यांत शेजारच्या गावांमध्ये पुष्कळ माणसं दगावली. इथे पाच गेली. किनारा बंद ठेवल्याने वाचलो, असं टेकडीवरचे म्हणत. उगाच उपाशी मारलं, असं खालचे म्हणत. खरं काय, ते आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण डोकीमास्तरचा भाव मात्र वधारला. औषधवाला त्याला रस्त्यात थांबवून म्हणे, मास्तर, तुमच्या एका आकड्याने गाव वाचवलं. सख्ख्या वहिनीचीसुद्धा भीड धरली नाहीत, माणूस असावा तर असा. हे ऐकताना त्याला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं होई. तो काहीतरी पुटपुटून निघून जाई, आणि लोक म्हणत, बघा, किती नम्र.

बायकोने दोनतीनदा विचारलं, जेवण का जात नाही. तो म्हणाला, काम नाही तर भूक कुठून लागणार. बायकोला ते खरं वाटलं. त्याचं हल्ली सगळ्यांना सगळं खरंच वाटत होतं.

पावसाळा सरल्यावर सकाळचे चार तास किनारा उघडला. वहिनीने टपरीची फळी वर केली. पहिल्याच सकाळी मनोऱ्यावरून त्याला दिसलं. नेहमी पोहायला येणारी शाळेतली एक बाई टपरीपाशी गेली, सवयीने मनगटावरचं घड्याळ काढलं, वहिनीने हात पुढे केला. बाई घुटमळली. काहीतरी बोलली, हसली, आणि घड्याळ परत मनगटावर चढवलं. वहिनीचा हात तसाच क्षणभर पुढे राहिला. मग तिने त्याच हाताने फळी पुसायला घेतली. त्या सकाळी एकानेही तिच्याकडे काही ठेवलं नाही. लोक किल्ल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधून पाण्यात उतरले. डोकीमास्तरची पाण्यातली मोजणी त्या दिवशी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा चुकली. तिसऱ्याने ती दुरुस्त केली.

दुपारी तो वहिनीच्या घरी गेला. ती ओट्याशी उभी राहून रिकाम्या बाटल्या धूत होती. त्याने उंबऱ्यातूनच सगळं सांगितलं. सांगताना त्याचे डोळे भरून आले, आणि त्याचीही त्याला लाज वाटली. रडण्याचा हक्क आपला नव्हे, हे त्याला कळत होतं.

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाली. "सात वर्षं माहीत आहे. माझ्या खुर्च्या मला मोजता येतात, भाऊजी."

"मग तुम्ही सभेत बोलला का नाहीत? वही खोटी आहे म्हणून?"

तिने बाटली उपडी घातली. "वही तिथे निघेल हे ध्यानात असतं, तर मी आकडाच काढला नसता. आणि मग ती खोटी म्हणाले असते, तर तिसरा घरी बसला असता. तुमचे भाऊ तिसऱ्या माणसावाचून गेले. ती जागा मी माझ्या तोंडाने घालवू?"

सभेत ती उभी होती ती उत्तर सुचत नव्हतं म्हणून नव्हे, तर उत्तर गिळत होती म्हणून. आणि तो त्या वेळी स्वतःची कातडी वाचवत होता. दोघं एकाच गोष्टीसाठी गप्प राहिली असं कुणी म्हणालं असतं, तर त्याने ते कबूल केलं नसतं.

"मी सांगतो सगळ्यांना," तो म्हणाला.

"नका सांगू. मला म्हणाले खोटारडी, म्हणू देत. मी काही बुडाले नाही." मग पाण्याचा नळ बंद करून, त्याच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "फक्त तेव्हा एकदा माझ्याकडे बघायचं होतंत. मी मानेने खूण करणार होते, की बोला बरोबर आहे म्हणून."

हे ऐकल्यावर त्याला खाली बसावंसं वाटलं. पण ती या म्हणाली नव्हती, म्हणून तो उभाच राहिला, आणि थोड्या वेळाने निघून गेला.

लस आली तेव्हा शाळेच्या मैदानातच रांग लागली. जमिनीवर खडूने गोल काढले होते, एका गोलात एक माणूस. वहिनी त्याच्यापुढे चार गोल सोडून उभी होती. मागून कुणीतरी विचारलं, पुढे किती जण आहेत हो? वहिनीने मान उंचावून बघितलं आणि म्हणाली, असतील चाळीसेक. लगेच औषधवाला म्हणाला, ह्या चाळीस म्हणतायत म्हणजे शंभर धरून चाला. रांग हसली. वहिनीच्या आकड्यावर गाव आता नेहमी हसायचं तसंच, फारसा राग नसलेलं हसणं. वहिनीही किंचित हसल्यासारखी दिसली, आणि तेच त्याला सहन झालं नाही.

हळू बोलायची सोय नव्हती. गोल दूर दूर होते आणि प्रत्येकाचं तोंड झाकलेलं. त्याने मास्क हनुवटीखाली ओढला.

"वहिनी खरं बोलल्या होत्या," तो ओरडला. "त्या रविवारी तेराशेच लोक होते. चौतीसशे मी लिहिले. खोटे लिहिले. सात वर्षं लिहितोय."

रांगेतली डोकी त्याच्याकडे वळली. त्याला वाटलं, आता येतील अंगावर, विचारतील, थुंकतील. यायलाच हवं होतं. छातीत काहीतरी सुटल्यासारखं झालं, इतके महिने अडकलेलं.

औषधवाल्याने आधी त्याच्याकडे, मग वहिनीकडे पाहिलं. मग समजुतीच्या सुरात, आजाऱ्याशी बोलावं तसं बोलला. "मास्तर, राहू द्या. घरचं माणूस आहे, तुमचा जीव तुटणारच. पण गावाला ठाऊक आहे तुम्ही कसे आहात ते." मग तो वहिनीकडे वळला तसा त्याचा सूर बदलला. "आणि बाई, निदान त्या साध्या माणसाला तरी पढवायचं नव्हतंत."

दोघातिघांनी मान डोलावली. शाळेतली ती घड्याळवाली बाई वहिनीकडे बघून तोंडातल्या तोंडात चुकचुकली. डोकीमास्तर पुन्हा बोलू लागला, शप्पथ घेऊ लागला. वही आणा म्हणाला, तिसऱ्याला विचारा म्हणाला. तो जितका बोलत गेला तितक्या लोकांच्या नजरा वहिनीकडे वळत गेल्या. तिसरा रांगेच्या शेवटी उभा होता. तो जमिनीकडे बघत होता.

वहिनी एकदाच मागे वळली. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

"भाऊजी, मास्क वर घ्या," ती म्हणाली, "आणि पुढे सरका. लोक खोळंबलेत."

त्याने मास्क वर घेतला आणि एक गोल पुढे सरकला.