दिगंबरभाऊंच्या चौदा गाद्या

राजघाटाकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीत लग्न ठरलं की आचाऱ्याला फोन जायचा आणि दिगंबरभाऊंच्या घरी माणूस जायचा. त्यांच्याकडे फोनवर काही मागायची रीत नव्हती. आत जायचं, बसायचं, चहा घ्यायचा, मग म्हणायचं, "भाऊ, आठ गाद्या लागतील." चौदा होत्या त्यांच्याकडे. घरात नवरा-बायको दोघंच, मूलबाळ नाही, आणि गाद्या चौदा.

गाद्या भाऊंच्या बायकोनं, रजनीवहिनींनी भरून घेतलेल्या. भाऊ नेपानगरच्या कागद कारखान्यात होते. सकाळच्या गाडीनं जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. वहिनींना दिवसभर घर खायला उठायचं. म्हणून दरवर्षी नवा कापूस आला की पिंजाऱ्याला दारात बसवायचं अन् एखादी गादी भरून घ्यायची. खोळीचं कापड लूमवाल्यांकडचं, उरलंसुरलं. मी एकदा विचारलं, "वहिनी, एवढ्या गाद्यांवर झोपणार कोण?" तर म्हणाल्या, "तुमचे पाहुणे झोपतील की मालूबाई. पाहुणे ते पाहुणे, कुणाचे का असेनात." मी हसले. तेव्हा मला तिशीही लागली नव्हती, अक्कल कुठून असणार.

वहिनी गेल्या त्याला पाच वर्षं होतील. भाऊ तोवर रिटायर होऊन बसले होते. मुळातच घुमा माणूस, पण लग्नाच्या हंगामात त्यांचं तोंड उघडायचं. गाद्या नुसत्या द्यायचे नाहीत, हातगाडीबरोबर स्वतः जानोशावर यायचे, वऱ्हाडाची अंथरुणं स्वतः घालायचे आणि मग तिथेच बसून, कोणतं गाव तुमचं, कापूस कसा झाला यंदा, हे सुरू. आम्ही बाया अक्षत द्यायला निघालो की देवानंतर पहिलं दार भाऊंचं. त्या एकट्या जिवाला वर्षभर कुणी ना कुणी "या" म्हणत होतं ते गाद्यांमुळे. हे मला आता कळतंय.

मागच्या वैशाखात आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा सण झाला अन् भाऊ बदलले. कुणी हाक मारली तर दार अर्धंच उघडायचे. आत या म्हणायचं बंद. आमच्या ओट्यावरच्या बाजेवर बसून रोज पेपर वाचणारा माणूस तो पेपर उभ्यानं वाचायला लागला. "बसा ना भाऊ," म्हटलं की, "नको, पाय मोकळे करतोय." पुढे पेपरलाही येईनासे झाले. गणपतीत आरतीला आले ते लांब नळाजवळ थांबले, प्रसाद हातावर घेतला अन् गेले. मी म्हटलं, म्हातारा माजला. एका ठिकाणी नाही, चार ठिकाणी म्हटलं. माझं हे असंच, उचलली जीभ लावली टाळ्याला.

माघात माझ्या प्राजक्ताचं लग्न निघालं. वऱ्हाड डोईफोडिया गावचं, चाळीस माणसं मुक्कामी. मी गेले भाऊंच्या दारात.

"भाऊ, चौदाच्या चौदा लागतील बरं का."

ते दाराच्या फटीतून म्हणाले, "नाही जमणार वहिनी. टेंटवाल्याकडून घ्या."

"का? फाटल्या का?"

"नाही."

"दुसऱ्या कुणाला कबूल केल्या?"

"नाही."

माझं डोकंच फिरलं. प्राजक्ता भाऊंच्याच घरात रांगलेली, रजनीवहिनींच्या हातचा गूळ-भात खाल्लेली पोर. तिच्या लग्नाला नाही म्हणता? मी गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, "रजनीवहिनी असत्या तर त्यांनी डोक्यावर आणून दिल्या असत्या. त्या गेल्या अन् ह्या घरातलं माणूसपणही घेऊन गेल्या." भाऊंनी मान खाली घातली आणि दार हळूच लावून घेतलं.

मग मीही हट्टाला पेटले. सगळ्या गल्लीत अक्षत दिली, त्यांचं दार वगळलं. आमच्या ह्यांच्या हातून नुसतं कार्ड पाठवलं. मला वाटलं, येणार नाहीत. पण आले. कडक इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी. अन् सगळं लग्न मंडपाच्या खांबाशी उभं राहून बघितलं. तीन तास. खुर्च्या रिकाम्या होत्या, कुणीतरी आणूनही दिली, हात जोडून नको म्हणाले. प्राजक्ता पाया पडायला वाकली तशी दोन पावलं मागे सरकले, लांबूनच हात वर केला, आहेराचं पाकीट ह्यांच्या हातात दिलं आणि न जेवता निघून गेले. माझ्या मांडवातून माणूस उपाशी गेला. लोकांनी पाहिलं ते.

पाहुणे पांगल्यावर चौथ्या दिवशी मी भांडायलाच गेले. ह्या वेळी दाराच्या फटीशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. दार ढकललं आणि सरळ आत शिरले.

"टेकू नका भिंतीला," भाऊ एकदम ओरडले. "वहिनी, मधेच उभ्या राहा."

खोलीत काही नव्हतं. खुर्च्या नाहीत, देव्हाऱ्याचा लाकडी पाट नाही. भिंतीतल्या भेगा साबण दाबून बुजवलेल्या. एक बाज, तिच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या. कोपऱ्यात छतापर्यंत काळ्या प्लास्टिकची गाठोडी, दोरीनं करकचून बांधलेली. भाऊंनी बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत चाव्यांच्या लाल रांगाच रांगा.

"ढेकूण," ते म्हणाले. "ऊन दिलं, उकळतं पाणी ओतलं, औषधं मारली. आठ दिवस बरं वाटतं, परत तेच. अंगावरच्या कपड्यातून दुसऱ्याकडे जातात म्हणून कुठे बसत नाही. लग्नाला आलो तो सदरा दुकानातून सरळ अंगात घातला होता. तरी भरवसा वाटेना."

"अहो पण मला सांगायचं ना. मी काय काय बोलले तुम्हाला."

"व्याह्यांच्या अंगाखाली माझ्या गादीतून निघाले असते तर पोरीला जन्मभर ऐकावं लागलं असतं. म्हणून नाही म्हटलं."

"ते कळलं. पण नुसतं कानात सांगायचं."

"सांगितलं असतं तर ह्या दारात परत कुणी आलं असतं का?"

मी म्हटलं, "आणि नाही सांगितलं तर कोण आलं?" त्यांनी बाही खाली ओढली. मलाच रडू आलं.

"कधीपासून आहे हे?" मी विचारलं. "आखाजी झाल्यावर," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले. आखाजीला माझ्या दोघी नणंदा लेकराबाळांसकट आल्या होत्या, कुठल्या कुठल्या धर्मशाळा करत. सहा गाद्या मीच नेल्या होत्या. त्यानंतर कुणीच नेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी खंडव्याहून फवारणीवाला बोलावला. तो पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा आला. गाद्या मात्र वाचणार नाहीत म्हणाला. नदीच्या पलीकडे खड्डा करून त्या जाळल्या. गादीतला दाबलेला कापूस लवकर पेटत नाही, धुमसत राहतो. भाऊ दुपारपर्यंत खड्ड्याशी बसले होते. मी डबा घेऊन गेले तेव्हा एवढंच म्हणाले, "बाराव्या गादीत सगळ्यात मऊ कापूस होता. तिला ती फार आवडायची."

आता इथे मी माती खाल्ली. माझ्याच तोंडानं भाऊंना माजोरी केलं होतं, तर माझ्याच तोंडानं धुऊन काढावं म्हटलं. गल्लीतलं एकही घर सोडलं नाही. म्हटलं, अगं देवमाणूस तो, आपल्याला लागू नयेत म्हणून वर्षभर कुणाच्या ओट्यावर टेकला नाही, लग्नात तीन तास उभा राहिला. बाया डोळे पुसत ऐकायच्या. अन् मी उठले की माझ्यामागे बसायची चादर झटकायच्या. करायला गेले गणपती अन् झाला मारुती. सगळ्या गोष्टीतला एकच शब्द गल्लीनं धरला, ढेकूण. आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही, की ते माझ्या घरून गेले. तिथे बरी माझी जीभ आवरली.

भाऊंच्या घरात आता एकही ढेकूण नाही. भिंतींना नवा चुना आहे, नव्या लोखंडी खुर्च्या आणल्यात. दार सकाळपासून सताड उघडं असतं. जाणाऱ्या-येणाऱ्याला ते म्हणतात, "या, बसा की. आता काही नाही." लोक हसून म्हणतात, "येतो भाऊ, जरा अर्जंट काम आहे." लग्नाच्या गाद्या टेंटवाला देतो. या हंगामात गल्लीत तीन लग्नं झाली, कार्डं तिन्ही आली, पण ती मुलांनी उंबऱ्यावरून आत सरकवून दिली.

मी जाते. रोज जाते म्हटलं तर खोटं होईल, पण जाते. दार उघडं ठेवून समोर बसते, गल्लीला दिसावं म्हणून. आणि बसल्याबरोबर माझी पाठ खाजायला लागते. तिथे काही नाही हे मला माहीत आहे, फवारणी मी स्वतः उभं राहून करून घेतली. तरी मानेशी काहीतरी चालल्यासारखं वाटतं, मांडीखाली वाटतं. मी हात पदरात घट्ट धरून बसते अन् प्राजक्ताच्या सासरच्या गोष्टी सांगत राहते. काल अशीच बोलत होते. भाऊंनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि पाठ फिरवून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"खाजवून घ्या वहिनी," ते म्हणाले. "मी इकडे बघतो."