अजून कोण सांगेल?

आमच्या तुकडीतली वहिनी आज कुठल्याच शाळेत शिकवत नाही. परवा आमच्यातलीच एकजण सहज बोलून गेली, "ती होय? घाबरट होती ती. शेवटच्या पाठातून पळून गेली." माझं डोकं असं तापलं म्हणून सांगू! उचलली जीभ, लावली टाळ्याला. ही बया त्या दिवशी तिथे नव्हतीसुद्धा. मी होते, मागच्या बाकावर. म्हणून काय झालं ते मीच सांगते.

घाबरट होती, हे मात्र खरं. नाकारत नाही. तिच्याइतकं घाबरणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी विद्यापीठाचा जो अभ्यासक्रम असतो, त्यात आम्ही सगळ्या विशीतल्या पोरी आणि ही एकटी चाळिशीची. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहून आयुष्य गेलेलं, मुलगा हाताशी आलेला. पहिल्याच दिवशी कुणीतरी "वहिनी, जरा सरकता का?" म्हणालं आणि तेच नाव चिकटलं. मी एकदा विचारलं, "वहिनी, या वयात ही हौस कशाला?" तर म्हणाली, "अगं, शाळेत मी कधी तोंड उघडलं नाही. येत असायचं सगळं, पण भीती. मास्तरांनी ठोंबी ठरवलं नि मीही मानलं. आता तसलं एक तरी पोर बोलतं करायचंय मला. एक झालं तरी बास."

एवढंच हवं होतं तिला. आणि नेमकी तीच वर्गासमोर उभी राहिली की गप्प!

आमच्याकडे सूक्ष्म पाठ असायचे. म्हणजे सहा मिनिटांचं नाटक. एकीने बाई व्हायचं, बाकीच्या घोड्यांनी पोरं व्हायचं. आमच्यासारख्या ओळखीच्या घोड्यांपुढेही वहिनी फळ्याकडे तोंड करून उभी. खऱ्या शाळेत दुसरीचा वर्ग मिळाला तर निभावायचं. ती पिल्लं येऊन मांडीवरच बसतात. पण सहावी-सातवी म्हटलं की तिची गाळण उडायची. ती पोरं नजरेनेच सोलून काढतात ना! पहिल्या वार्षिक पाठाला, म्हणजे परीक्षेच्या पाठाला, चिठ्ठीत तिला सातवी आली. उभी राहिली, तोंड उघडलं, आवाजच नाही. घशातून नुसती हवा. मागून एक कार्टं म्हणालं, "बाई म्यूट झाल्या!" वर्ग खिदळला. वहिनी नापास.

नियम असा, की दुसरी संधी मिळते ती शेवटची. पाठ घंटेच्या आत पूर्ण झालाच पाहिजे. प्रस्तावनेपासून गृहपाठापर्यंत. अर्धवट राहिला तर संपलं, अभ्यासक्रमातून बाहेर.

आमच्या अध्यापन-पद्धतीच्या मॅडम कडक, पण मनाने चांगल्या. त्यांनी वहिनीला उपाय सांगितला. "मुलाला 'चूक' असं कधी म्हणायचं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मग एवढंच घोटून ठेवा. मुलाचं उत्तर आलं रे आलं, की 'छान! अगदी बरोबर! अजून कोण सांगेल?' डोकं रिकामं झालं तरी तोंड चालू राहिलं पाहिजे."

वहिनीने ते असं घोटलं, असं घोटलं, की घरच्यांना वैताग. तिचा नवरा वायरमन. एकदा तो बाहेरून ओरडला, "अगं, घरातलीच वायर जळली!" तर ही आतून, "छान! अगदी बरोबर! अजून कोण सांगेल?" तो म्हणाला, "घरात मी एकटाच आहे बाई, अजून कोण सांगणार?" हे तिनेच आम्हाला हसत सांगितलं.

दुसऱ्या पाठाची चिठ्ठी उघडली. सहावी. विषय विज्ञान, उष्णतेचं वहन. वहिनी पांढरीफटक पडली. मी तिचं सामान उचलायला आणि निरीक्षणाला म्हणून तिच्याबरोबर गेले. वर्गशिक्षिकेने दारातच बजावलं, "खिडकीपाशी बसलीये ना, ती वर्षभर बोललेली नाही. तिला विचारूच नका, उगाच पाठ पडेल तुमचा."

बाहेरचे परीक्षक येऊन बसले. पाठ सुरू झाला. आणि काय आश्चर्य, वहिनीला आवाज होता! कापरा, पण होता. गरम पाण्यात चमचा ठेवला, पोरांकडून दांड्याला हात लावून घेतला, "छान, अजून कोण सांगेल" करत गाडी रुळावर आली. मग तिने पिशवीतून लाकडी मुठीचं उलथनं काढलं. "ही मूठ लाकडाची का बरं असेल?"

खिडकीजवळच्या मुलीने हात वर केला. सगळा वर्ग वळून बघायला लागला. वहिनीचा चेहरा असा उजळला! जिच्यासाठी एवढा अट्टहास केला, तीच मुलगी समोर. "सांग, सांग बाळा!"

मुलगी उभी राहिली. उलथन्याकडे बघत हळू म्हणाली, "मूठ तापत नाही. म्हणून धरणाऱ्याला भाजत नाही. ज्याला लावतात त्यालाच भाजतं."

"छान! अगदी बरोबर! अजून कोण सांगेल?"

हात वर झाले. एका मुलाने लाकूड दुर्वाहक असतं असं सांगितलं, त्यालाही शाबासकी मिळाली. वहिनी फळ्याकडे वळली. 'उष्णतेचे' एवढं लिहिलं आणि खडू थांबला. मला वाटलं, गेला आवाज, झालं! मग ती वळली. तिचा चेहरा पाहून माझ्याही टाळक्यात प्रकाश पडला, पोरीने 'लावतात' म्हटलं होतं.

फळा तसाच सोडून ती बाकापाशी गेली, मुलीसमोर उकिडवी बसली. "कुणाला लावतात गं?"

"कुणाला नाही, बाई." असं म्हणत मुलीने बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

वहिनी उठली. "सर, मी हिला मोठ्या बाईंकडे नेते," म्हणाली आणि गेलीसुद्धा. मी मागे धावले.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत वहिनीने तिची बाही वर केली. मी जास्त वर्णन करणार नाही. सरळ, चपटे डाग होते. काही जुने, एक अगदी ताजा. मोठ्या बाई मटकन खाली बसल्या आणि घाबरून त्यांनी काय करावं? फोन उचलला आणि घरी लावला. "हिच्या वडिलांना बोलावून घेते, विचारायला हवं ना!" मी अहो, अहो म्हणेपर्यंत बोलून मोकळ्या. वडिलांचं दुकान शाळेपासून हाकेच्या अंतरावर. मी व्हरांड्यात जाऊन मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या कार्यालयाला फोन केला. ते म्हणाले, निघतो, पण गाव ओलांडून यायचंय, तोवर मुलीला सोडू नका. सोडू नका म्हणे! बाप तर हाकेच्या अंतरावर!

आत आले तर मुलगी विचारत होती, "बाई, माझं उत्तर चुकलं का?"

"नाही गं राणी. उत्तर बरोबर होतं. मी 'छान' म्हणाले, ते चुकलं."

तेवढ्यात परीक्षक दारात आले. माणूस वाईट नव्हता. मुलीचा हात पाहिला, मान खाली घातली. मग वहिनीला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, अजून वेळ आहे. परत चला, मूल्यमापन आणि गृहपाठ उरकून घ्या. मी पाठ धरतो. पण घंटा झाली की माझ्या हातात काही नाही."

मी म्हटलं, "वहिनी, जा! मी आहे ना इथे. जा, तुला माझी शपथ!"

वहिनीने आमच्याकडे पाहिलं. तिला जायचं होतं, हो! डोळ्यांत दिसत होतं. पाऊल उचललंही होतं तिने. पण मुलीने तिचा कुर्ता मुठीत गच्च धरला होता. वहिनी म्हणाली, "ती माझ्याशी बोललीये. तुझ्याशी नाही." परीक्षक वर्गाकडे गेले.

आणि मग तो आला. मला वाटलं होतं कुणी राक्षस येईल. आला तो इस्त्रीचा शर्ट घातलेला, हसतमुख माणूस. नमस्कार काय, विचारपूस काय! "हिला बरं वाटत नाहीये का? चल बाळा, दप्तर घे." मुलगी कपाटाच्या कोपऱ्यात सरकली, भिंतीला चिकटली. तिच्या पायाशी फरशी ओली झाली. तो बघून हसला, "घाबरट आहे आमची." मोठ्या बाई "हो, म्हणजे, तुम्ही पालक आहात, पण..." असं काहीतरी पुटपुटल्या.

वहिनी मधे उभी राहिली. बोलायला तोंड उघडलं आणि तेच झालं. आवाज नाही. नुसती हवा. तो एक पाऊल पुढे आला. हसू अजून तसंच. "बाई, बाजूला व्हा जरा." मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तो एवढा जवळ आला की त्याचा श्वास लागत होता. वहिनीने डोळे मिटून घेतले. पण हलली नाही.

घंटा झाली. वर्ग सुटल्याचा गलका उठला. वहिनीने डोळे उघडून एकदा दाराकडे पाहिलं. पाठ संपला होता, तिचं शिक्षिका होणंही संपलं होतं, आणि ते तिला कळलं होतं.

मागून मुलगी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बाई, मी जाते त्यांच्याबरोबर. नाहीतर घरी गेल्यावर ते जास्त चिडतील."

"नको!" वहिनी म्हणाली. केवढ्याने! बाहेर गलका करणारी पोरं गप्प झाली. "कुठे जायचं नाही. माझ्या मागे उभी राहा."

कार्यालयाची गाडी फाटकातून आत येईपर्यंत वहिनीने तिला मागून पुढे येऊ दिलं नाही.