होल्डर मोठा, सोयरीक छोटी

काय सांगू तुम्हाला! लोकांची सोयरीक पत्रिकेवरून अडते, माझी लेथच्या होल्डरवरून अडली.

तेव्हा हैदराबाद राज्याचे तुकडे ठरले होते. मराठवाडा मुंबईकडे चाललेला आणि मी सिकंदराबादच्या एका वर्कशॉपात लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या यंत्रावर. परभणीचे नरहरराव मला मुलगी द्यायला निघाले होते, पण घोडं एका ठिकाणी अडलं.

"पोरगी परराज्यात द्यायची, तिथली बोली तेलुगू. पोराच्या हातात कसब हाय का, ते डोळ्यानं बघतो!"

म्हणजे मुलगा पाहायचा, तोही कारखान्यात! मी इस्त्रीचा सदरा घातला, लेथला हळदकुंकू वाहिलं. काम सोपंच निवडलं: फिरती सळई कापायची. त्याला पार्टिंग टूल लागतं, म्हणजे एक पातळ पातं, आणि ते धरायला होल्डर. पात्याचं टोक सळईच्या बरोबर मध्याच्या उंचीला आलं पाहिजे, एवढंच शास्त्र.

पण पाहुणे यायचे आणि होल्डर तो एवढासा? पाहुण्यांपुढे आपण मोठंच ताट मांडतो ना? मी मोठ्या लेथचा दणकट होल्डर आणून बसवला.

शेजारच्या लेथवर माझा तेलुगू दोस्त यादगिरी होता. तो ओरडला, "अरे, उत्ता बडा कायकू लगारा? नोक ऊपर जारी ना!"

"चुप बैठ रे. ससरा आरा मेरा."

नरहरराव आले. सळई फिरली, मी पातं भिडवलं. कापणं राहिलं बाजूला, नुसती किंकाळी! अख्खं वर्कशॉप वळून बघू लागलं. मी आणखी जोर लावला. धूर निघाला. सळई लाल झाली, तिच्याहून मी लाल.

"रोज असंच ओरडतं का हे?" नरहररावांनी कानांत बोटं घालून विचारलं.

"लोखंड जरा मानी आहे," मी म्हणालो.

शेवटी यादगिरीनं मला खांद्यानं सरकवलं, लहान होल्डर लावला आणि तुकडा टणकन खाली पडला.

नरहरराव त्याच्याकडे बघतच राहिले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ह्याचं लगीन झालंय का हो?"

भाषेवरून राज्य तुटत होतं आणि या गृहस्थाला तेलुगू जावई चालत होता!

"झालंय. लेकरंही आहेत."

त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. "मग काय, तुम्हीच."

तेव्हापासून दिवाळीच्या फराळाचं पहिलं ताट मी यादगिरीच्या बायकोला पाठवतो. ती माउली नसती, तर माझं लग्न झालं असतं का?