हौशीरामची लांबची वाट

वलवणच्या हौशीरामनं एकतीस वर्षं टूरिस्टची गाडी चालवली, पण गिऱ्हाइकाला ‘कुठं जायचं?’ असं एकदाही विचारलं नाही. निघताना कुठं म्हणू नये, काम अडतं, असं आईनं लहानपणी सांगितलेलं. बाकीच्या ड्रायव्हरांचा धंदा ज्या शब्दावर चालतो, नेमका तोच याला वर्ज्य. लोणावळा स्टेशनाबाहेर बॅगा उचलता उचलता तो म्हणायचा, “लांबचं हाय का जवळचं?” मुंबईची मंडळी गोंधळून एकमेकांकडं बघायची.

त्याची दुसरी खोड याहून मोठी. गिऱ्हाईक सोडून रिकामी गाडी परत आणताना तो हमरस्त्यानं सरळ घरी आला, असं क्वचितच व्हायचं. कामशेतच्या आगंमागं कुठंतरी गाडी आत वळायचीच. एका गाडीपुरता रस्ता, दोन्ही अंगांना खाचरं, समोरून बैल आला तर आपणच मागं सरायचं. पावसाळ्यात भुशी धरणाच्या गर्दीत क्लच दाबून दाबून पाय भरून यायचे. दसरा झाला की गर्दी ओसरायची आणि याचा खरा सीझन सुरू व्हायचा. धुतलेलं आभाळ, डोंगरावर पिवळीधमक सोनकी, आणि पिकत आलेल्या इंद्रायणी भाताचा वास खिडकीतून थेट आत. तासभर जादा लागायचा, कधी दोन. घरी तो यातलं काही बोलला नाही. चैनच ती, सांगायची कशाला?

आणि विचारायला तरी घरी कोण जागं असायचं? तो पोचायचा तेव्हा बायको, झुंबरबाई, गाढ झोपलेली असायची. ताट झाकून ठेवलेलं. ‘आमच्या बाईला झोप लय,’ असं तो चारचौघांत चेष्टेनं सांगायचा.

आता गाडीची मुदत भरली होती. जुन्या सुमोचं पासिंग पुन्हा होणार नव्हतं आणि उद्या सकाळी भंगारवाला तिला न्यायला येणार होता. ‘आबा, बस झालं आता,’ असं पोरगा संदेश वर्षभर म्हणत होता, आणि हौशीरामनं शेवटी मान डोलावली होती. पण आज सकाळी गाडी पुसताना त्याचं फडकं पुढच्या डाव्या सीटवर थांबलं. या सीटवर झुंबरबाई एकदाही बसली नव्हती. लग्नकार्याला गेली ती मागं, पोरांना सावरत. पुढं कायम कुणीतरी पाहुणा. हजारभर नवी जोडपी त्यानं हौसेनं मिरवून आणली आणि घरची तेवढी राहिली. त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्यानं ठरवलं, गाडी जायच्या आत आपल्या वाटा तिला दाखवायच्या. जन्मात एकट्यानं खाल्लेली तेवढी एकच गोष्ट होती. निदान शेवटचा घास तरी वाटून खावा.

दुपारची जेवणं उरकल्यावर तो म्हणाला, “झुंबर, चल, गाडीतनं चक्कर मारून येऊ.”

“बरं वाटतंय ना तुमाला?” तिनं विचारलं, पण ठेवणीतलं लुगडं नेसून आली. सवयीनं मागच्या दाराकडं निघाली.

“म्होरं बस.”

ती पुढं बसली, पदर नीट केला आणि पट्टा कसा लावायचा ते त्याला विचारलं. त्यानं लावून दिला.

“लांबचं का जवळचं?” तो म्हणाला.

“लांबचंच घ्या,” ती हसून म्हणाली.

कार्ला गेलं, कामशेत गेलं. कान्ह्याला रूळ ओलांडून गाडी आत वळली तसा हौशीराम खुलला. आता तो एकेक दाखवणार होता. टाकवे बुद्रुक मागं पडलं, रस्ता अरुंद झाला, खाचरांतला भात पिवळा होऊन वाकलेला दिसू लागला. “त्यो बघ,” तो म्हणाला, “त्या बांधावर बगळ्यांची रांग. रोज असत्यात.” उत्तर आलं नाही. त्यानं वळून बघितलं. झुंबरबाई काचेला डोकं टेकून झोपली होती, तोंड जरासं उघडं.

गिऱ्हाइकं झोपायची, त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. आज वाटलं. एवढी मोठी हौस केली आणि ही झोपली. तरी त्यानं गिअर खाली घेतला आणि खड्डे चुकवत गाडी हळूहळू सोडली. ऊन कलतं होतं. झाडांच्या सावल्या बॉनेटवर चढत होत्या आणि मागं उतरत होत्या. कुठं कुर्डूचे गुलाबी तुरे, कुठं कापलेल्या भाताच्या पेंढ्या, कुठं रस्त्यातच पसरून वाळत घातलेलं धान्य. तिथं तो एक चाक मातीत उतरवून पुढं गेला. कुणी हात केला, यानं केला. गाडी आपण चालवतोय की हा रस्ताच आपल्याला हळूहळू पुढं नेतोय, हे त्याला नेहमीसारखंच कळेनासं झालं. बायको शेजारी होती, झोपेत का होईना. खिडकीतून येणारा वास तिच्याही अंगावरून जात होता.

वाटेत लागणाऱ्या एका धरणाच्या पाण्याकाठी त्यानं इंजिन बंद केलं. त्यासरशी ती दचकून उठली.

“कुटं आलो?”

“सगळ्या वाटंला झोपलीस की गं,” तो म्हणाला. राग नव्हता, पण लागलं होतं.

“ह्या गाडीचा आवाज कानावर आला की माजा डोळा लागतोच,” ती ओशाळून म्हणाली. “सवयच तशी.”

“कसली सवय?”

“वलवणच्या धरणाच्या वळणावर तुमची गाडी आली की घरात आवाज यायचा. तवर कुटली झोप? तुमी तास तास उशीर करणार. घाटात काय झालं आसल, ब्रेक लागला नसल, हजार इचार. आवाज आला की जीव भांड्यात पडायचा. तुमी दार उगडस्तवर मी गपगार.”

हौशीराम पाण्याकडं बघत राहिला. ज्या ज्या संध्याकाळी तो इथं सुखात रेंगाळला होता, त्या त्या वेळी ही कान रस्त्याला लावून पडली होती.

“मी ह्याच वाटंनं यायचो,” तो म्हणाला. “काम न्हाई, काय न्हाई. लय बरं वाटतं म्हणून.”

झुंबरबाईनं त्याच्याकडं नीट वळून बघितलं. मग म्हणाली, “मी तितं देवाला हात जोडायची, आन् तुमी हितं बगळं बगत व्हता.”

“व्हय.”

ती खाली उतरली. पाणी बघितलं, पलीकडची सोनकी बघितली, वाऱ्यानं हलणारा भात बघितला. पदराबाहेर आलेले केस मागं सारले.

“चांगलं हाय मातर,” ती शेवटी म्हणाली. “उशीर व्हण्यासारखं हाय.” आणि गाडीत चढता चढता, “परत ह्याच वाटंनं चला. ह्या खेपंला मी जागी ऱ्हाते.”

दुसऱ्या वळणावर तिची मान कलली. या वेळी त्याला काहीच लागलं नाही. त्यानं बगळे मोजले नाहीत, भात बघितला नाही. इंजिनाचा आवाज एकसारखा राहील एवढंच बघत तो सगळी लांबची वाट चालवत आला.

दिवेलागणीला गाडी दारात उभी राहिली. सून सविता बाहेर आली आणि काही विचारणार, तोच त्यानं हात वर करून तिला थांबवलं. किल्लीकडं गेलेला दुसरा हात त्यानं मागं घेतला. सुमो दारात धडधडत राहिली. झुंबरबाई झोपली होती. हौशीरामनं काट्याकडं बघितलं. डिझेल अजून बरंच होतं.