भेकडासाठी एक रंग

इंग्रजीतील ‘यलो’ या विशेषणाचा ‘भेकड’ हा अर्थ कोशात बराच खाली येतो. कुवेतच्या शुवैख बंदरात तो कुणी कोशात पाहिला नव्हता. १९५८ साली झहूर परकार या रंगाऱ्याच्या अहवालात इंग्रज पर्यवेक्षकाने तो स्वहस्ते लिहिला, आणि झहूरचा करार वाढणार की नाही, हे त्या एका शब्दावर येऊन ठेपले.

घडले होते ते साधे. पाणी वाहून नेणाऱ्या एका बार्जची, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकेची, टाकी वर्षभर बंद होती. आतला गंज खरवडून रंग द्यायचा होता. झहूरच्या कोकणातल्या गावच्या गलबतांवर बंद तळातली हवा जोखायला माणसाआधी टोपलीतून कोंबडी सोडत. ती धड वर आली तरच खलाशी उतरे. झहूरने कोंबडी मागितली आणि ती येईपर्यंत उतरायला नकार दिला.

“काय लिवलान त्यानं?” त्याने कारकून नूरुद्दीनला विचारले. नूरुद्दीन त्याच्याच गावचा.

“पिवळा. म्हंजे भेकड. कोंबडीला इचारून उतरनाऱ्या मरदाला दुसरं काय म्हनतील?”

“मग तू उतर की. खुर्ची मी सांभालतो.”

पर्यवेक्षकाने मुदत दिली: दुपारपर्यंत उतर, शब्द खोडतो. झहूरने बाजारातून कोंबडी आणली आणि सर्वांदेखत टाकीत सोडली. टोपली वर आली तेव्हा कोंबडीची मान लोंबत होती.

“कोंबडी म्हणजे माणूस नव्हे,” पर्यवेक्षक म्हणाला आणि त्याने नूरुद्दीनकडे बोट केले. “तू जा.”

“साहेब, मी कारकून आहे,” म्हणत नूरुद्दीन चार पावले मागे सरला. त्याला कुणी पिवळा म्हटले नाही. हे विशेषण खुर्चीवरच्याने खुर्ची नसलेल्याला लावायचे असते. वापराचा हा नियम कोशकारांनी नोंदवलेला नाही.

पुढे दोन दिवस टाकीत पंख्याने हवा सोडण्यात आली. ही आपलीच योजना होती, असे पर्यवेक्षकाने लिहिले. झहूरचा अहवाल त्याने बदलला नाही. करार संपला. पासपोर्ट हवा असेल तर अहवालावर सही कर, असे झहूरला बजावण्यात आले.

“कर रे सही, नि सूट,” नूरुद्दीन म्हणाला.

“तुज्या बापाचं नाव घाल तितं.”

अकरा दिवस पासपोर्ट अडवून ठेवला. बाराव्या दिवशी, बराकीतली जागा दुसऱ्या रंगाऱ्याला हवी म्हणून, झहूरला सहीविनाच पासपोर्ट देऊन मुंबईच्या बोटीत बसवण्यात आले.